आक्काची बोटं

गाठ दुखत नव्हती, म्हणून मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. २०२२ चा गणपती गेला, गौरी गेल्या. अंघोळीत साबण लावताना उजव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला ती लागली होती, सुपारीएवढी. मी ५३ वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी. ‘सस्तन प्राणी’ शिकवताना कधी अडखळले नाही. नवऱ्याला मात्र ‘छातीत काहीतरी आहे’ एवढंच कसंबसं म्हणाले.

शेजारची आक्का सोप्यात विड्या वळत बसली होती. निपाणीतली निम्मी घरं या धंद्यावर वाढली, तसंच तिचंही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आक्का, दुखत नसली की गाठ साधीच असते ना?”

तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. दाराला कडी घातली. माझा हात धरून स्वतःच्या पदराखाली नेला. तिथे सपाट होतं, आणि आडवा लांब वण.

“मी बी असंच म्हणालो. दुखंना, मग कशाला दावायची? दोन वर्सं गप बसलो.” (आमच्याकडच्या बायका आलो-गेलो असंच बोलतात.) कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत ओढलं गेलं, तेव्हा ती दवाखान्यात गेली होती. त्या वर्षी ती माहेरी राहिली, असंच आम्ही सगळे समजून होतो.

मग तिने मला तपासलं. तीन बोटं सपाट ठेवून, गोल गोल दाबत, काखेपर्यंत. दिवसाला हजार विड्या वळलेली बोटं ती. विडी कुठे पोकळ राहिली हे त्यांना न बघता कळायचं, नाहीतर कारखान्यात छाट निघते. काखेत ती थांबली. तिथे आणखी एक बारीक गाठ होती, मला न सापडलेली. “हलंना ही,” ती म्हणाली. “उद्याच जायाचं. बेळगाव न्हाईतर कोल्हापूर, पण उद्या.”

बहुतेक गाठी साध्याच निघतात, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण हाताला गाठ लागते, तिचं नाव कळत नाही. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढायचं ठरलं. नात्यातल्या एकीने लगेच बजावलं, सुई लावली की कॅन्सर पसरतो. या भीतीला आधार नाही. तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. रिपोर्ट आला तेव्हा आक्काने विचारलं, “कुठल्या प्रतीचा निघाला?” तंबाखूची विचारावी तशी. मला हसू आलं, पण प्रश्न अगदी नेमका होता. माझ्या गाठीला हार्मोनचे रिसेप्टर होते, म्हणजे पुढे वर्षानुवर्षं गोळ्या. हर-टू रिसेप्टर जास्त असता तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मिळालं असतं. दोन्ही नसतात त्या प्रतीत केमोवर जास्त भिस्त.

आधी केमो घेऊन गाठ लहान करायची, मग फक्त तेवढाच भाग काढून रेडिएशन द्यायचं, असं ठरलं. योग्य रुग्णात अशा शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य पूर्ण स्तन काढल्याइतकंच असतं. आक्काला हे ऐकवताना मला चोरट्यासारखं झालं. ती म्हणाली, “बरं झालं की गं.”

डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पेटला. दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या आणि माझी केमोची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. कोल्हापूर चाळीस किलोमीटर. त्या दिवशी मुंबईइतकं लांब वाटलं. पहाटे आक्का दारात उभी, मागे भाच्याचा भाजीचा टेंपो. मला पुढे बसवून ती मागे कोबीच्या पोत्यांवर बसली. कोगनोळी नाक्यावर पोलिसाने टॉर्च मारला, तर त्याला कानडीत काय काय सुनावलं कोण जाणे. गाडी सुटली खरी.

पुढे टाटा मेमोरियलचा एक अभ्यास वाचनात आला. १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेला, २० वर्षं चाललेला, दीड लाखावर बायकांचा. त्यातल्या साधारण निम्म्या जणींना आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेल्या बायका. पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याआधीच्या वयात तसा फरक दिसला नाही. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आक्काचीच बोटं होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं, एवढाच फरक.

मला ढकलत नेणारी ही बाई स्वतःची तपासणी मात्र चुकवायची. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी करायची असते. तिने दोन वर्षं टाळली होती. अखेर मीच तिला बेळगावच्या बसमध्ये बसवलं. तेव्हा तरी एक भाडं माझं, म्हणून नोट पुढे केली. पण जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं भाडं पडत नाही. कंडक्टरने आधार कार्डं बघून शून्य रुपयांची दोन तिकिटं फाडली.

आक्काने तिचं तिकीट घडी घालून चंचीत ठेवलं.

“एवढं बी फेडू देईनात बघ तुला,” ती म्हणाली आणि खिडकीकडे सरकून बसली. तवंदी घाट लागला होता.