काळी भुकटी

लहानपणीं टॉर्चमधले निकामी सेल दगडानें फोडणें हा आमचा आवडता उद्योग होता. आंतल्या कार्बनच्या कांडीनें भिंतीवर रेघोट्या ओढतां येत. तिच्याभोंवतालची काळी भुकटी मात्र हातांस आणि सदऱ्यास चिकटे, आणि मागोमाग आईचा धपाटा पाठीस. ती भुकटी म्हणजे मँगॅनीज डायऑक्साइड, आणि तिचें खनिज आपल्याच विदर्भांत, भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्गच्या खाणींत निघतें, हें कळावयास मला कॉलेजांत जावें लागलें.

हें आठवण्याचें कारण कारंज्यांतील आमचे एक संत्रेवाले शेजारी. परवां फवारणीच्या पंपाची बॅटरी हातांत घेऊन ते ओट्यावर आले. "सर, या डबीले एवढे पैसे काहून लागतात हो?"

मी सवयीनें वर्गांत शिरलों. लिथियम-आयन सेलच्या किमतीचा मोठा वाटा त्याच्या कॅथोडचा, म्हणजे धन टोंकाच्या द्रव्याचा असतो. 1980 सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनीं त्यासाठीं कोबाल्टचें ऑक्साइड पुढें आणलें. 1991 सालीं सोनीनें असा सेल बाजारांत आणला. पण कोबाल्ट महाग, आणि बहुतेक एकट्या कांगोंतून येणारें. 1983 सालीं गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेंत मायकेल थॅकरे यांनीं ती जागा मँगॅनीजला देतां येते असें दाखविलें. माझ्या काळ्या भुकटीची ही बहीणच! पण तिला एक खोड होती. सेल तापला कीं त्यांतील द्रवांत मँगॅनीज थोडें थोडें विरघळूं लागे आणि सेलची धारणाशक्ति घटत जाई. ज्या गांवीं मे महिन्यांत पत्र्याला हात लावतां येत नाहीं, तेथें ही खोड लहान म्हणतां येणार नाहीं. पुढें 1997 सालीं पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनीं लोह व फॉस्फेट यांचें द्रव्य सुचविलें. वीज वाहण्यांत तें अगदीं आळशी. परंतु कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप देतांच तें कामास लागलें. आज स्वस्त मोटारी त्यावरच धांवतात, आणि त्यांतच मँगॅनीज मिसळून विजेचा दाब वाढविण्याची खटपट चालूं आहे.

येथें माझा आवाज थोडा अडला. एम्. एस्सी. झाल्यावर मला याच मँगॅनीजवर संशोधन करावयाचें होतें. 'असल्या मातीमोल वस्तूंत आयुष्य काय घालवितां?' असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं म्हटलें, आणि मीं तें निमूटपणें ऐकलें. त्यांना तरी काय बोल लावावयाचा? नोकरीची घाई मलाच झाली होती. मातीमोल असणें हाच त्या वस्तूचा गुण होता, हें मला त्या वेळीं बोलतां आलें नाहीं.

शेजाऱ्यांनीं बॅटरी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजे लोखंड, खत न् आपल्या भंडाऱ्याची माती. मंग तुमीच काहून नाई केली, सर?"

चहा घेणार का, असें मीं त्यांना विचारलें.