गळाला काय लागलं?

नागपुरात कुणी ‘मासे धरायला जातो’ म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. समुद्र कुठे आणि नागपूर कुठे! पण हे शहर तलावांचं आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, ऐन वस्तीतला गांधीसागर; आणि रामटेकला गेलं की खिंडसी. अंबाझरी १८७० च्या सुमारास बांधला, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यानं शहराला पाणी पाजलं. २३ सप्टेंबर २०२३ ला तो ओसंडून खालच्या वस्त्यांत शिरला, तेव्हा साऱ्या गावाला तलावाची आठवण झाली. आमच्या घरी ती दर रविवारी होते, कारण ह्यांना गळाचं वेड आहे आणि आता ते मलाही लागलं आहे.

परदेशातले शौकीन म्हणे पिसं नि दोरा गुंडाळून नकली माशी बनवतात आणि तिच्यावर ट्राउट मासा भुलवतात. माशी दाखवून मासा! आमचा थाट साधा. वेळूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि पोळ्यांच्या कणकेतून बाजूला काढलेला गोळा. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, म्हणून आधी त्यांना विचारायचं, मगच बसायचं.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या पहिल्या सरींना संपतो. मासा थंड रक्ताचा. पौषातल्या गारठ्यात तो सुस्त असतो, ऊन चढल्याशिवाय तोंड उघडत नाही. ते दिवस आम्हा बायकांच्या सोयीचे. चहा, नाश्ता, झाकपाक सगळं उरकून निघता येतं. वैशाखात मात्र उलट. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मग मासा पहाटेच काय ते खाऊन घेतो. आपणही पाचला काठावर हजर! नऊ वाजता ऊन असं तापतं की मासा राहिला बाजूला, आपलीच भाजी होते.

गंमत म्हणजे पाण्याखाली अगदी तीन मजली वाडा असतो. वरच्या मजल्यावर कटला. त्याचं तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरातलं खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, तोंड खाली करून गाळातलं वेचणारा. तिघं एकाच घरात राहतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. म्हणून तर तलावात ह्या तिघांचं बीज एकत्र सोडतात. तरंगा दोरीवर कुठे बांधायचा ते कुणाच्या दारावर थाप मारायची त्यावर ठरतं.

ह्या तिघींच्या बाळंतपणाचीही कथाच आहे. साचलेल्या पाण्यात त्या सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या १० जुलैला डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन ह्या जातींना अंडी घालायला लावलं, तेव्हा गावोगावच्या तलावांना बीज मिळायची सोय झाली. तो दिवस आता मत्स्यपालकांचा दिवस म्हणून पाळतात.

तिलापियाला सगळे नाक मुरडतात. मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे १९५२ साली आणलेला, आणि जिथे शिरेल तिथे गर्दी करणारा. पण त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर पडून पोहू लागेपर्यंत जवळजवळ उपाशीच राहते. हे कळल्यापासून एखादी तिलापिया गळाला लागली की मी आधी तिचं तोंड बघते.

जूनच्या सुरुवातीला एका तलावाच्या काठाशी, गवतात, तांबूस पिल्लांचा एक पुंजका हलताना दिसला. खाली मरळ असणार हे ह्यांनी ओळखलं. मरळ म्हणजे चवीला राजा! ह्यांनी गांडूळ लावला. शेजारी जाळं सावडत बसलेली ढिवराची म्हातारी म्हणाली, “भाऊ, ते लेकुरवाळी हाय. आता टोचू नोका. मायबाप गेले तं पिल्लं दुसऱ्याच्या पोटात जाते.” जिचं पोट मासळीवर चालतं तिनं हे सांगावं! ह्यांनी मुकाट्यानं दोरी गुंडाळली. त्या दिवशी आमचा हंगाम संपला, आणि मला वाटतं नीट संपला.

आता हिशेब. रविवार सव्वीस, मासे अकरा, चप्पल एक, आणि शेजारणींचे ‘काय, भोईपुऱ्यातून आणले का?’ हे टोमणे अगणित. दोनदा खरंच भोईपुऱ्याच्या बाजारातून आणले; ते हिशेबात नाहीत.

मासे कमी मिळाले, पण जे मिळाले ते वाया गेले नाहीत. तलावाच्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून पुष्कळजणी तो टाळतात. तुकडे मीठ-हळद लावून धुवावेत, मग लिंबू किंवा चिंचेच्या कोळात पाऊण तास ठेवावेत. आंबटानं तो वास जातो. पुढे नेहमीचा झणझणीत रस्सा करावा.

घरचे विचारतात, एवढ्याशा मासळीसाठी एवढा वेळ कशाला? पण मैत्रिणींनो, दोन तास हात रिकामे ठेवून पाण्याकडे बघत बसायला बाईला एरवी कोण देतं? काठी हातात असली की कुणी ‘रिकामी बसलीस का’ असं विचारत नाही. आणि बघता बघता पाण्याखालचे संसार दिसायला लागतात. सध्या काठी माळ्यावर आहे. मरळीची पिल्लं मोठी होऊ देत. दिवाळीचा फराळ संपला की बघू.