एका एस्कॉर्टचं देणं

फोर्ड एस्कॉर्ट, मार्क टू. जन्म लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यात, १९७५ ते १९८० या काळातला. दोन दारं, चार माणसांची जागा, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. अंगकाठी चौकोनी, नखरा कसला तो नाही. तिच्या रॅलीत धावणाऱ्या बहिणींनी घराण्याचं नाव काढलं. १९७९ साली फोर्डला जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मिळालं ते त्यांच्याच जोरावर. पण मी सांगतो आहे ती तेराशे सीसीची, संसारी एस्कॉर्ट. मुलांना शाळेत सोडायचं, शनिवारचा बाजार आणायचा, उन्हाळ्यात टपावर सामान बांधून समुद्रकिनारी जायचं, यात तिची उमर गेली.

तिला मारलं ते मिठानं. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडून पत्र्याच्या सांध्यात बसतं आणि उन्हाळाभर तिथेच काम करत राहतं. एस्कॉर्टचं दुखणं कुठे निघणार हे जाणकारांना न बघता सांगता येतं: बॉनेटखाली पुढच्या सस्पेन्शनची टोकं ज्या पत्र्याला धरलेली असतात तो पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, डिकीतला स्टेपनीचा खड्डा. तीन वर्षांहून जुन्या गाडीला तिथे दरवर्षी एमओटी नावाच्या तपासणीतून पास व्हावं लागतं. तपासनीस टॉर्च घेऊन खाली वाकतो, आणि निकाल नापास. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर. इंजिन मात्र पहिल्या सेल्फला सुरू होतं! या गाडीचं खरं दुःख मला हेच वाटतं. पत्रा आधी संपतो. आतल्या यंत्राची निम्मी ताकदसुद्धा खर्च झालेली नसते.

अशा गाडीला किट कार, म्हणजे सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी, बांधणारे डोनर म्हणतात, आणि तिला मागणी यायला एक परंपरा कारणीभूत आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन काढली. पाइपांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांची जागा, बाकी काही नाही. ती सुट्या भागांत मिळे, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांना लागत नसे. १९७३ साली व्हॅट आला, ती सवलत गेली, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण घरी गाडी जोडण्याची हौस एकदा हातात शिरली ती शिरलीच. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं पुस्तक हेन्स प्रकाशनानं काढलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याच्या नावातच म्हटलं होतं. एक इंची चौकोनी पाइप कापून सेव्हनच्या वळणाची चासी घरीच वेल्ड करायची, आणि चालणारा-फिरणारा बहुतेक ऐवज एका जुन्या एस्कॉर्टमधून घ्यायचा. या गाड्यांना लोकॉस्ट असं नाव पडलं.

एस्कॉर्टचा स्वभाव कळतो तो तिला खोलताना. ती अडवत नाही. बॉनेटखाली हात जाईल एवढी जागा आहे, कुठलाही बोल्ट कुठल्या प्लास्टिकच्या झाकणाआड लपलेला नाही. गाडी घोड्यांवर चढवायची आणि खाली शिरायचं. मागच्या डिफरन्शियलच्या फ्लँजवर चार बोल्ट असतात. ते गंजून धरलेले असतात, म्हणून आदल्या रात्री तेल मारून ठेवतात. सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूनं एक सरळ रेघ ओढायची, म्हणजे जोडताना शाफ्ट होता तसाच बसतो. चार बोल्ट निघाले की प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, आणि त्याचं पुढचं टोक गिअरबॉक्समधून ओढून काढलं की मागोमाग तेलाची धार लागते. नवखा माणूस ती धार अंगावर घेतो. जाणता माणूस हाताशी प्लास्टिकची पिशवी आणि दोरी ठेवतो, गिअरबॉक्सच्या तोंडाला ती बांधतो आणि मगच पुढचा पाना उचलतो. वायरिंग काढायला याहून जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा लावून त्यावर ती कुठून कुठे जाते ते लिहायचं असतं. इथे आळस केला तर पुढे इंडिकेटर दाबल्यावर वायपर हलतात.

मग वाटणी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अख्खा अ‍ॅक्सल ब्रेक-ड्रमसकट, स्टेअरिंगची रॅक, हँडब्रेकचा दांडा, मीटर, बटणं: हे सगळं नव्या घरी जातं. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा नको असतात; त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा येतात. पुढच्या चाकांचे खांब बहुधा फोर्डच्याच कॉर्टिनाकडून आणतात. दारं, काचा, दिवे दुसऱ्या एस्कॉर्टवाल्यांना विकले जातात आणि त्यातून खर्चाचा एक वाटा परत येतो. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि पुन्हा बॅलन्स करून आणावा लागतो. हे काम घरी करू नये. तो शाफ्ट चालकाच्या कमरेशेजारून फिरत असतो.

नऊशे किलोच्या आसपासची ती गाडी, तिचं इंजिन आता जेमतेम पाच-साडेपाचशे किलो ओढतं. ताकद तीच, साठेक अश्वशक्तीची. पण जिला चढावर खालच्या गिअरमध्ये यावं लागे, तीच आता वळणावरून अशी निघते की बसणाऱ्याच्या पाठीला ते कळतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यानं साठचा वेगही भरपूर वाटतो. आणि तरी जुनी एस्कॉर्ट लपत नाही. टॅपेटची टकटक तीच. वेग सोडला की मागच्या अ‍ॅक्सलमधून येणारा बारीक सूर तोच. पूर्वी जिनं एस्कॉर्ट चालवली आहे, तिचा हात गिअरच्या दांड्यावर गेला की तिला ओळख पटते. नव्या गाडीचं रूप पाइपांनी आणि पत्र्यानं ठरवलं, वागणूक डोनरनं.

ही वागणूक सरकारलाही पटवून द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००९ पासून अशा प्रत्येक गाडीची आयव्हीए नावाची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज हे तर आलंच. शिवाय बाहेरून स्पर्श होईल अशी कुठलीही कड टोकदार नको. तिची गोलाई किमान अडीच मिलिमीटरची हवी. म्हणून मडगार्डच्या कडांना रबराची किनार आणि नटांना प्लास्टिकच्या टोप्या लागतात. नंतर नंबराचा प्रश्न. किट बनवणाऱ्यांची नवी चासी आणि एकाच डोनरचे ठरलेले मोठे भाग कागदोपत्री दाखवता आले, तर डोनरच्या वयाला धरून नंबर मिळू शकतो. ओळख पटली नाही तर क्यू अक्षरानं सुरू होणारा. पण रस्त्याचा हक्क दोघींनाही मिळतो. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

आता मात्र एस्कॉर्ट डोनर म्हणून परवडत नाही. इतक्या कापल्या गेल्या, इतक्या गंजल्या, की उरलेल्यांना शौकीन आणि रॅलीवाले हातचं सोडत नाहीत. तिची जागा आधी फोर्ड सिएरानं घेतली आणि पुढे माझदा एमएक्स-५नं. तीही तशीच: दारांखालचा पत्रा कुजतो, इंजिन धडधाकट राहतं.

आपल्याकडे ही हौस नाही असं कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून छोटी जीप बांधली, साठ हजारांच्या आसपास खर्चात, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हे महिंद्रा उद्योगसमूहाच्या आनंद महिंद्रांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. त्यांच्या कष्टांचं चीज झालं याचा आनंदच आहे. पण त्या जीपला नंबर मिळण्याची वाट नव्हती. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करायला आडवं येतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तीच भूमिका घेतली. बेफाम बदल रोखायला तो नियम हवा, याबद्दल वाद नाही.

मात्र पुण्यात एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था आहे, ब्रेक आणि धूर मोजणारी यंत्रं आहेत, ती वाचता येणारी माणसं आहेत. घरी बांधलेली एकच गाडी समोर आणली, तर तिची तपासणी करून, पास झाली तर नंबर आणि नापास झाली तर लेखी कारण देणारी एक खिडकी परिवहन खात्यानं उघडावी.