तपासणीची रांग : पिपरी मेघेच्या घरी पाठवलेली तीन पत्रे

पत्र पहिले : नागपूर

परदेशप्रवासाची सुरक्षा तपासणी खरे तर घरीच सुरू होते, बॅग भरताना. पिपरी मेघेहून निघणाऱ्याला जवळचा विमानतळ नागपूरचा, सोनेगावचा. तिथल्या क्ष-किरण यंत्रापुढे अडते ते बहुतेक वेळा घरच्यांनी मायेने भरलेलेच. तिखटाची पुडी हातातल्या बॅगेत चालत नाही, कारण ते डोळ्यांत फेकता येते. लोणचे आणि तूप घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवावे. खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठेच नकोत. वाळल्या खोबऱ्यात तेल असते, ते आतल्या आत तापून पेटू शकते. वर्ध्याचा गोरसपाक कोरडा, तो हातातून निर्धास्त जातो. सेवाग्रामची आठवण म्हणून पेटीचरखा न्यायचा तर मोठ्या बॅगेतच न्यावा. त्याची लोखंडी, टोकदार चाती यंत्राच्या पडद्यावर दाभणासारखी उठून दिसते. पॉवर बँकेचे नेमके उलटे. ती हातातच हवी, म्हणजे पेटली तर कोणाच्या तरी डोळ्यांपुढे पेटेल. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते आणि मर्यादा १०० ची आहे.

दारात तिकीट आणि पासपोर्ट पाहणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवून कंदाहारला नेले गेले. त्यानंतर, २००० पासून, देशातले विमानतळ एकेक करून या दलाकडे आले. धातूच्या चौकटीतून गेल्यावर जवान हातातले यंत्र अंगावरून फिरवतो. बायकांची तपासणी पडद्याआड होते आणि ती महिला जवानच करते. पाटल्या किंवा जोडवी वाजली म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. पेसमेकर असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगावे.

पत्र दुसरे : दोहा

विमान बदलताना तपासणी पुन्हा होते. आधी एकदा झाली, मग आता कशाला, असे म्हाताऱ्या माणसांना वाटते आणि ते साहजिक आहे. पण यातला प्रत्येक नियम कुठल्या तरी अपघाताची किंवा घाताची खूण आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे गेली. स्फोटाची बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. आज प्रवासी आला नाही तर त्याचे सामान उतरवतात आणि विमान खोळंबते, ते यासाठी. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत उभे असताना अतिरेकी सुरक्षारक्षकांच्या वेशात त्यात शिरले. त्यात मुंबईत वाढलेली हवाई सेविका नीरजा भनोट प्रवाशांना वाचवताना मारली गेली. तपासणाऱ्यांचीही तपासणी व्हायला हवी, हे तेव्हा फार महाग पडून कळले.

पाण्याच्या बाटलीचा नियम त्या मानाने नवा. ऑगस्ट २००६ मध्ये पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके विमानात नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. मोजतात ती बाटली, आतला ऐवज नव्हे. २०० च्या बाटलीत तळाशी घोटभर खोबरेल उरले असेल, तरी ती बाटली जाते.

पत्र तिसरे : न्यूयॉर्क

अमेरिकेला जाणाऱ्या काही प्रवाशांच्या बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘एस’ अक्षर चार वेळा छापलेले असते. अशा प्रवाशाला बाजूला घेऊन बॅग उघडतात आणि हातांवरून कापडी पट्टी फिरवून ती स्फोटकांच्या कणांसाठी यंत्रात घालतात. यात आरोप काही नसतो. घाबरून इंग्रजीत अडखळणाऱ्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवायलाच हवे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचीही २००९ मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या विमानात चढताना अंगझडती झाली. माजी राष्ट्रपतींना त्यातून सूट होती. तरी त्यांनी ती शांतपणे होऊ दिली. विमान कंपनीने पुढे माफी मागितली.

बूट काढायचा नियम २००१ च्या डिसेंबरात बुटातून स्फोट करण्याचा प्रयत्न झाल्यानंतरचा. अमेरिकेने तो जुलै २०२५ मध्ये उठवला. पुढे देशांतर्गत विमान असेल तर इथे मोठी बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा सोपवावी लागते आणि तपासणीची रांग परत लागते. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत काढून घेण्याचा मोह तेवढा वेळ आवरावा.