ब्लूबेरीच्या गावी, नातीच्या स्वयंपाकघरात

गेल्या जुलैमध्ये कन्येकडे न्यू जर्सीतील एडिसन येथे महिनाभर मुक्काम होता. जाताना मनावर एक जुने ओझे होते. पाच वर्षांपूर्वी याच घरी नातीच्या सहाव्या वाढदिवशी दुकानातून आणलेला केक कापला गेला आणि तिने पहिला घास माझ्यापुढे धरला. "यात अंडे आहे का?" असे मी पाहुण्यांदेखत विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तिचा हात बाजूला सारला. नियम मोडण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु बँकेत छत्तीस वर्षे कर्जाचे अर्ज नाकारूनही लहान मुलीला नकार कसा द्यावा, हे मला साधले नव्हते.

यंदा ती अकरा वर्षांची. दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "आजोबा, तुम्ही केक खात नाही, की आमच्या घरचा केक खात नाही?"

मी म्हणालो, "अंडे नसेल आणि सूर्यास्तापूर्वी मिळाला, तर अवश्य खाईन."

"मग आपणच करू," ती म्हणाली. तिने ब्लूबेरी कॉफी केक निवडला. कॉफी मी कधीच सोडली आहे, असे सांगताच तिला हसू आले. या केकमध्ये कॉफीचा थेंबही नसतो. तो कॉफीसोबत खायचा, म्हणून त्याचे हे नाव. जर्मनी आणि आसपासच्या प्रदेशांतून आलेल्या स्थलांतरितांनी ही रीत अमेरिकेत रुजवली. केकवरील पीठ, साखर व लोण्याच्या रवाळ थराला तेथे आजही 'स्ट्रॉइझेल' असे जर्मन नावच आहे.

फळे आणायच्या निमित्ताने जावयांनी आम्हाला दक्षिणेकडील व्हाइट्सबॉग या जुन्या वस्तीत नेले. हा भाग पाइन बॅरन्सचा. बॅरन्स म्हणजे नापीक. वाळूमिश्रित आम्लधर्मी जमीन, दूरवर पाइनची झाडे आणि मधूनमधून दलदल. जुन्या वसाहतकारांची नेहमीची पिके येथे तग धरीनात. आज आपण खातो ती लागवडीची ब्लूबेरी मात्र याच मातीतून आली.

ब्लूबेरी पूर्वी रानातूनच वेचून आणीत. ती शेतात लावण्याचे प्रयत्न फसत आणि दोष रोपाला दिला जाई. कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली प्रयोगांती दाखवून दिले, की या झुडपाला आम्लधर्मी मातीच हवी. सुपीक बागेत ते खुरटते. त्यांचा अहवाल वाचून व्हाइट्सबॉगच्या क्रॅनबेरी मळ्यातील एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपली जमीन देऊ केली. त्यांनी रानाची माहिती असलेल्या स्थानिकांना ५/८ इंच छिद्राची मोजपट्टी दिली. ज्या झुडपाची फळे त्या मापाला उतरतील, ते दाखवणाऱ्याला मोबदला मिळे आणि झुडपाला शोधणाऱ्याचे नावही दिले जाई. रूब लीक यांनी दाखवलेल्या झुडपाचे 'रूबेल' हे वाण आजही लावले जाते. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. ज्याचा शोध त्याला श्रेय, हा व्यवहार आपल्या पेढ्यांनीही लक्षात ठेवावा असा वाटला.

परतताना एका मळ्यात आम्ही स्वहस्ते बेऱ्या तोडल्या. पूर्ण पिकलेली बेरी अंगठ्याच्या हलक्या स्पर्शाने सुटते. देठाशी लाली असेल तर ती राहू द्यावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात सामानाची वेष्टने वाचू लागली. तिची नजर माझ्या जुन्या लेखापरीक्षकाहून कडक निघाली. तेथील कित्येक तयार दह्यांत प्राणिज जिलेटिन असते, म्हणून दही घरी विरजले होते. तेथील व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के मद्यार्क असतो, म्हणून वेलदोडा. यीस्ट नकोच; फुगण्याचे काम दही व सोडा करतात.

दोन कप मैदा, पाऊण कप साखर, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र करावे. त्यात एक कप दही, अर्धा कप वितळलेले लोणी, पाव कप दूध व वेलदोड्याची पूड घालून हलक्या हाताने कालवावे; फार घोटल्यास केक चिवट होतो. दीड कप बेऱ्या चमचाभर मैद्यात घोळवून मिसळाव्यात, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. अर्धा कप मैदा, पाव कप थंड लोणी, एक तृतीयांश कप तपकिरी साखर व चमचाभर दालचिनी बोटांनी चुरून वर पसरावी. आठ इंची चौकोनी भांड्यात १७५ अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण तास भाजावे. ज्यांना बहुबीज फळांचा त्याग आहे, त्यांनी सफरचंदाच्या फोडी घालाव्यात.

केक निवेपर्यंत साडेसहा वाजले. तेथे जुलैत सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. नातीने फोनवर वेळ पाहून ठेवली होती. मला विचारावे लागले नाही. तिने पहिला घास पुढे धरला आणि मी तो खाल्ला. बेऱ्या फुटून आंबटगोड रस आत मुरला होता.

मग मी तिला पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाविषयी सांगितले. अंडे आपण का टाळतो आणि सूर्यास्तानंतर का जेवत नाही, हे त्या वेळी न दिलेले उत्तर सविस्तर दिले. ती शांतपणे ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे तेव्हाच सांगितले असते, तर मी तेव्हाच असा केक केला असता."

परदेशात आपले संस्कार रुजत नाहीत, अशी तक्रार आम्ही ज्येष्ठ मंडळी नेहमी करतो. मीही ती अनेकदा केली आहे. रोपाला दोष देण्याआधी मातीची चौकशी करावी, हे मात्र मला पाइन बॅरन्सच्या वाळूत समजले.