मिसिसिपीकाठचे वाढदिवसाचे सूप

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिसिसिपीच्या काठी, मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे वसली आहेत. येथील बरीच कुटुंबे मूळची जर्मन वा स्कँडिनेव्हियन. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबले आणि पुढील दशकांत यांतील अनेक घरांत कोरियाहून दत्तक मुले आली. प्रेमात उणीव नव्हती. पण आरशातील चेहरा आणि ताटातील अन्न यांचा मेळ बसत नसे.

पुढे काही पालक कोरियन किराणा दुकानांच्या पायऱ्या चढू लागले. आरंभ बहुधा किमचीने, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेल्या कोबीने होतो. (बौद्ध मठांत ती कांदा-लसणाविना करतात, हे आपल्या वाचकांस रुचावे.) खरी कसोटी मात्र मियोकगुकची. वाळलेले समुद्रशैवाल भिजवून, तिळाच्या तेलात परतून हे सूप करतात. त्यात मांस घालण्याची रीत आहे, पण त्यावाचूनही ते होते. कोरियात ते बाळंतिणीस देतात आणि म्हणूनच प्रत्येक वाढदिवशी, जन्मदात्रीच्या आठवणीने, खातात.

दत्तक आईने ते रांधायचे म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात दुसऱ्या आईला जागा द्यायची. हे सोपे नव्हे. सापडलेल्या कित्येक मुलांची जन्मतारीखही अंदाजाने नोंदलेली. वाटीबरोबर ‘ती कोण होती?’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर बहुधा घरात कोणापाशीच नसते. आई शैवाल भिजत घालते. मूल तेलाची बाटली पुढे करते.