सुटलेलं पाणी

मे महिन्यात कोकणातल्या नद्यांकडे बघवत नाही. श्रावणात पुलाच्या कठड्याशी झोंबणारं पाणी गेलं कुठं, असं वाटावं इतके दगड उघडे पडलेले असतात. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांच्यात इथं अंतरच थोडं. पाऊस उदंड, पण उतार असा की पडलेलं पाणी मुक्कामाला थांबत नाही. डोंगर उतरतं, खाचरं ओलांडतं आणि खाडीत जातं. दिवाळी सरली की ओढे गप्प होतात. शिमग्यापर्यंत नदीचे सुटे सुटे डोह उरतात आणि वैशाखात त्या डोहांच्या कडेचा चिखल भेगाळतो. आमच्या पेणची भोगावती त्यातलीच. ज्या गावचे गणपती देशभर आणि देशाबाहेर जातात, त्या गावची नदी ऐन उन्हाळ्यात बारीक धारेवर दिवस काढते. तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. त्याच तालुक्याच्या खारेपाटात मे महिन्यात बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत असतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला उन्हाळ्यात भरलेली नदी दिसली की आनंदाच्या आधी प्रश्न पडतो: हे आलं कुठून?

कुंडलिकेच्या काठावर हा प्रश्न मला पुन्हा पडला. मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्यांनी हट्टच धरला होता की मावशी, नदीत ट्यूबवर बसून वाहत जायचं. म्हणून भल्या पहाटे पेण सोडलं. वडखळ, नागोठणं, कोलाड. कोलाडच्या नाक्यावरून सुतारवाडीच्या रस्त्याला वळलं की हवा बदलते. करवंदाच्या जाळ्या रस्त्यावर वाकलेल्या, काजूच्या बोंडांचा आंबूस वास, आणि कडेला पानांच्या द्रोणात करवंदं मांडून बसलेल्या कातकरी बायका. पुढं साजे गावाजवळ राफ्टवाले जमतात. खडकाळ, उसळत्या पाण्यातून राफ्ट नेणारे उत्साही लोक तिथून सुटतात. आम्हांला त्यांच्याइतकी घाई नव्हती. खालच्या अंगाला नदी शांत होते, तिथं आमच्या ट्यूबा ठेवल्या होत्या.

या काठावर सकाळी एकच वाक्य ऐकू येतं: पाणी सुटलं का? चहाच्या टपरीवर तेच, जीपच्या टपावर ट्यूबा बांधणाऱ्या पोरांत तेच, फोनवर तेच. आमचा गाइड जवळच्याच गावचा, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्यानं कानाला फोन लावला, मान हलवली आणि म्हणाला, “सुटलंय ताई. पोचेल आता.”

मी काठावर बसले. पात्राच्या मधोमध एक धार चाललेली, दोन्ही बाजूंना दगड. समोरच्या एका दगडावर मी नजर ठेवली. त्याच्या पायथ्याशी रात्रीत वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, आणि त्यावरून मुंग्यांची एक रांग चाललेली. बराच वेळ काही झालं नाही. मग दगडाचा तळ काळा पडला. बोटभर. मुंग्यांची रांग वर वळली. शेवाळाचा पापुद्रा फुगला, त्याचा राखी रंग जाऊन हिरवा आला. वीतभर काळं झालं. मुंग्या दगडाच्या माथ्यावर गोळा झाल्या आणि तिथून वाळुंजाच्या एका लोंबत्या फांदीवर चढून निघून गेल्या. त्यांना हे रोजचं असावं. थोड्या वेळानं दगड दिसेना. तो होता तिथं पाण्यावर फक्त एक घडी उमटत राहिली. आवाजही बदलला. आधी एका धारेची किणकिण होती, आता सबंध पात्रातून एक भरीव सूर येऊ लागला.

कुंडलिकेचा उगम भिऱ्याच्या वरच्या डोंगरांत. देवकुंडाचा धबधबा तिथलाच. पण मे महिन्यात ही नदी भरते ती डोंगरापलीकडच्या पाण्यानं. घाटमाथ्यावर मुळशीला मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी टाटांच्या धरणानं अडवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि मोठाल्या नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. टाटांच्या अशा वीजघरांपैकी खोपोली १९१५ साली सुरू झालं, भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली. भिऱ्याला पेल्टन चक्राच्या वाट्यांवर पाण्याचा झोत आदळतो, चक्र फिरतं, मुंबईत वीज जाते, आणि काम झालेलं पाणी कुंडलिकेच्या पात्रात येतं. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू करता येतं, बंद करता येतं. म्हणून विजेची मागणी चढते त्या वेळी ते चालवतात. शहर सकाळी जागं होतं, तेव्हा इथली नदी भरते. रात्री मागणी उतरली की खालचं काही पाणी परत वरच्या तलावात चढवण्याची सोयही तिथं आहे. एकाच पाण्यानं पुन्हा डोंगर उतरायचा. ऐकताना थक्क व्हायला होतं.

आणि ऊन! मार्च २०१७ मध्ये याच भिऱ्याच्या केंद्रावर ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा या छोट्या गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं होतं. आम्ही गेलो त्या दिवशी इतकं नसेल, तरी नऊ वाजता ट्यूबच्या काळ्या रबराला हात लावता येत नव्हता. त्याच रबराचा पाण्यात टेकलेला भाग मात्र गार. बसल्यावर पाठीला वैशाख आणि मांड्यांना घाटमाथ्याचा गारवा एकाच वेळी लागत होता.

लहानपणी आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पंक्चरच्या दुकानातून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबवर. तिला ठिगळं असत आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह बरगडीवर ओरखडे काढी. इथल्या ट्यूबांना कापडाची खोळ असते, धरायला पट्टे असतात, तळाला बैठक असते. बाकी गोष्ट तीच. गाइडनं सगळ्यांची लाइफ जॅकेटं स्वतः आवळली. माझ्या भाचीनं ‘घट्ट होतंय’ म्हटल्यावर त्यानं जॅकेटच्या खांद्याला धरून तिला वर उचलून पाहिलं. जॅकेट कानापर्यंत सरकलं नाही, तेव्हाच सोडलं. मग तो बोलला, आणि त्या बोलण्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. “ट्यूबवरून पडलात तर पाठीवर झोपायचं. पाय पुढं, बोटं पाण्याच्या वर. उभं राहायला जायचं नाही. गुडघाभर पाणी असलं तरी नाही.” वाहत्या पाण्यात माणूस उभा राहायला जातो, पाय दोन दगडांच्या सांदीत अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला पुढं ढकलून तोंडावर पाडतं. बुडायला खोल डोह लागतो हा समज त्यानं मुलांच्या डोक्यातून दोन मिनिटांत काढून टाकला. प्रत्येक नदीकाठच्या शाळेत हे शिकवायला हवं.

मग सोडलं.

पोहताना आपण पाणी कापतो, होडीत वल्ह्यानं मागं ढकलतो. ट्यूबमध्ये करायचं काहीच नसतं, आणि त्या न करण्याला शरीर आधी तयार होत नाही. हात उगाच पाणी मारतात, मान वळून वळून मागं बघते. पहिल्या वळणानंतर केव्हातरी ते थांबलं. आपण पाण्याच्या वेगानं निघालो की आपल्या भोवतालचं पाणी थांबतं, हे मला तिथं कळलं. माझ्या कोपराशी करंजाची फुलं तरंगत होती. पांढरट जांभळी, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची, एकेकाच्या देठाशी तपकिरी टोपी. काठावरच्या करंजांचा बहर पाण्यात झडत होता. ती फुलं पुढंही जाईनात, मागंही राहीनात. बोटानं एक दूर सारलं, ते जरा फिरलं आणि पुन्हा जोडीला आलं. हलत होता तो काठ. उंबर, जांभूळ, बांबूचं बेट, कुणाचा तरी पंप, कपडे धुणारी एक बाई, तिचं धोपटणं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा. खंड्या एका फांदीवरून उडाला, आमच्या पुढं जाऊन बसला, आम्ही जवळ आलो की पुन्हा उडाला. आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत त्यानं आम्हांला पोचवलं आणि मागं फिरला.

नदी तिच्याच चालीनं पाहायची असेल तर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पुलावरून ती आडवी दिसते, काठावरून निघून जाणारी दिसते.

पण त्या फुलांच्या सोबतीत पहुडले असताना डोक्यात राहिलं ते पाणीच. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं असतं तर ते मुळशीहून पूर्वेला गेलं असतं. पुण्यात मुळेला मुठा मिळते, पुढं भीमा. ती पंढरपूरला चंद्रभागा होते, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. वाळवंटात उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या पायाशी पोचायचं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळलं आणि माझ्या भाच्यांना कोलाडच्या उन्हात झुलवत होतं. ते वळवताना मावळातली गावंच्या गावं तळ्याखाली गेली. आंबेमोहोराची खाचरं, देवळं, घरं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. बायकाही त्यात होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. तीन वर्षं झुंज चालली, तुरुंगवास झाले, आणि धरण झालं. धरणामुळं उठवल्या गेलेल्या माणसांचा आपल्या देशातला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा. शाळेत आम्हांला बापट एका परिच्छेदात भेटले. कुंडलिकेच्या पाण्याशी त्यांचा संबंध कुणी जोडून दाखवला नाही.

म्हणून पाणी दूषित झालं, मजा करायची नाही, असं मी म्हणत नाही. मुलं खिदळत होती आणि मीही त्यांच्यात होते. या पाण्यावर खाली किती जणांची उपजीविका आहे! साजे-कोलाडच्या परिसरातली पोरं आधी मुंबईची वाट धरत. आता कुणी राफ्ट चालवतो, कुणी जीप, कुणाच्या घरी पाहुण्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण मिळतं. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर हेच पाणी कालव्यांत वळतं आणि उन्हाळ्यात रानं हिरवी करतं. त्याही खाली धाटावचे कारखाने, मग रोहा-अष्टमी, मग भरतीचं पाणी, रेवदंड्याची खाडी, कोर्लईचा किल्ला. खाडीकाठच्या कोळ्यांची पाणी नासल्याची तक्रार जुनी आहे, आणि आज ज्या पाण्याच्या तळाचा प्रत्येक गोटा मला दिसत होता ते तिथं कोणत्या रंगाचं होऊन पोचतं, याची काळजी वाटल्यावाचून राहत नाही. आणि आता घाटावरून मागणी होते की मुळशीचं पाणी पुन्हा पूर्वेला द्या, तिकडं तहान वाढली आहे. मागणी खोटी नाही. पण ती पुरी झाली तर या पात्रात मे महिन्यात काय उरेल, हे भोगावतीच्या काठावरून आलेल्या मला कुणी सांगायला नको.

कामत गावाच्या अलीकडं आम्ही काठाला लागलो. मुलांना निघायचं नव्हतं. ट्यूबा उलट्या करून ठेवल्या, कोकमाचं सरबत झालं. गाइडला मी विचारलं, “हे पाणी कुठून येतं, ते पाहुण्यांना सांगतोस का रे?”

“भिऱ्याहून येतं म्हणून सांगतो ना.”

“आणि भिऱ्याला?”

“मुळशीहून.” जरा थांबून म्हणाला, “मुळशीची एक आजी आहे आमच्यात, लग्न होऊन आलेली. तिचं माहेरचं गाव बुडालंय म्हणते. तिच्या आजोबांनी तिला सांगितलेलं.”

मी त्याला रामनवमीच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगितली, मला येत होती तेवढी. ट्यूबांची हवा सोडता सोडता तो ऐकत होता. तारीख त्यानं दोनदा विचारून घेतली. फोनमध्ये टिपली. मला वाटतं, साज्याच्या काठावर, जिथं लोक जॅकेटं चढवतात तिथं, बुडालेल्या गावांच्या नावांचा एक फलक लागायला हवा. मराठीत, मोठ्या अक्षरांत, एकूण एक गावाच्या नावासकट. तसं त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “फलक लागेल तेव्हा लागेल ताई. मी जॅकेटचं सांगून झालं की सांगत जाईन. पाय पुढं ठेवायचे, हे सांगायच्या आधी. नंतर कुणी ऐकत नाही, सगळे पाण्याकडं बघायला लागतात.”